पहिल्यांदाच हॉट योगाला जातेय, काय तयारी करू?

जास्वंदी
नमस्कार मंडळी. मुक्काम मिसिसागा, कॅनडा. जानेवारीत इथे बाहेर चालायला जाणं म्हणजे शिक्षा, आणि जिमचा मला मनापासून कंटाळा. ऑफिसातल्या मैत्रिणीने वाढदिवसाला जवळच्या एका स्टुडिओचा महिन्याचा पास दिलाय. हॉट योगा, दीड तासाचा क्लास. खोलीचं तापमान १०५ फॅरनहाइट, म्हणजे ४०-४१ सेल्सिअस, आणि आर्द्रता ४० टक्के असं त्यांनीच लिहिलंय. पहिला क्लास येत्या शनिवारी सकाळी १० ला.

वय ४७. शाळेत पी.टी.च्या तासाला घातलेले सूर्यनमस्कार एवढंच भांडवल. उजवा गुडघा कुरकुरतो. बीपीची गोळी रोज सकाळी चालू आहे.

तर काय खाऊ आणि किती आधी? पाणी किती? कपडे कोणते, माझ्याकडे सुती टी-शर्ट आणि ढगळ पायजमेच आहेत. घरची मॅट चालेल का? आणि मुख्य म्हणजे मध्येच चक्कर आली तर बाहेर पडता येतं की दार लावून घेतात? मैत्रीण म्हणते, "काही नाही गं, मस्त वाटतं." ती मॅरेथॉन पळते. तिच्या 'काही नाही'वर माझा काडीचा भरवसा नाही.

वऱ्हाडी_मिरची
पैसे देऊन ४१ डिग्री? मे महिन्यात आमच्या नागपूरले ये नं बाप्पा, ४५ फुकट देतो. तुझ्यासाठी कूलरही बंद ठेवतो.

टवाळ
विरार फास्ट, संध्याकाळी दादरहून. ताडासन कंपल्सरी, शवासनाला जागा नाही.

शतपावली
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. जास्वंदी, शनिवारचा वृत्तांत हवाच हं.

कोकमआगळ
गंमत पुरे. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं जातेय, त्यामुळे मोठा प्रतिसाद टंकते.

खाणं: १० चा क्लास असेल तर सात-साडेसातला हलकं काहीतरी. अर्धी वाटी पोहे, केळं, टोस्ट. दूध-दही नको, आत गेल्यावर ढवळतं. शनिवारचा उपास करत असशील तर त्या दिवशी जाऊच नकोस.

पाणी: स्टुडिओच्या दारात उभं राहून बाटली घटाघटा रिकामी करायची नाही. त्याने फक्त पोटात डचमळतं. आदल्या दिवशीपासून नीट पीत राहायचं, सकाळी दोन-तीन तास आधी साधारण अर्धा लिटर, मग घोट घोट. आदली रात्र शुक्रवारची आहे म्हणून सांगते, वाईन नको.

कपडे: सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही, वीस मिनिटांत टी-शर्ट पिळून काढावा लागतो. आणि ढगळ असला की खाली वाकल्यावर तोंडावर येतो, मग आसन राहतं बाजूला, तू टी-शर्टशी झटापट करत बसतेस. पळायला घालतात तसलं अंगाबरोबर बसणारं, पटकन वाळणारं कापड घे. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, हे पहिल्या दिवशी पटणार नाही, पण खरंच बघत नाही.

अंगाला तेल, लोशन लावून जाऊ नकोस. घामात मिसळलं की हातात पाऊल धरता येत नाही, सटकतं. परफ्यूमही नको, बंद खोलीत शेजारणीला मळमळतं. मंगळसूत्र, चेन, अंगठ्या घरी.

मॅट घरची चालेल, पण ती अख्खी झाकेल एवढा टॉवेल हवाच. नुसत्या मॅटवर घामाचं तळं होतं आणि एका पायावरची आसनं करताना तोच पाय घसरतो. दुसरा छोटा टॉवेल तोंडाला.

जागा मागच्या ओळीत, दाराजवळ. पुढे जुन्या लोकांना उभं राहू दे, आरशात त्यांचं बघून करता येतं. गरम हवेचा झोत कुठून येतो ते रिसेप्शनवर विचार आणि त्याच्या खाली मॅट टाकू नकोस.

दार कुणी लावून घेत नाही. शिक्षिकेला आधीच सांगून ठेव की पहिलीच वेळ आहे. ती म्हणेल, 'आज फक्त खोलीत टिकून राहा.' ते शब्दशः घे. बसावंसं वाटलं तर बस, आडवी हो.

जास्वंदी
कोकमताई, _/\_. वाईनचं कसं ओळखलंत?

स्टेथोस्कोप
जास्वंदी, गोळीचं नाव इथे लिहू नका, पण ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय शनिवारी जाऊ नका. सगळेच नाही म्हणतील असं नाही, पण विचारायला हवं.

कारण सांगतो. उष्णतेत त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्याने रक्तदाब खाली येतो. वरून घामाने शरीरातलं पाणी कमी होतं. बीपीच्या गोळ्यांपैकी काही लघवी वाढवून पाणी आणि मीठ बाहेर काढतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, काही रक्तवाहिन्या सैल करतात. म्हणजे गोळी आणि खोली दोघी एकाच दिशेने ओढणार. त्यात ही आसनं खाली वाकून वर यायची. वर येताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळे.

मधुमेहाची औषधं, हृदयविकार, पूर्वी कधी ऊन लागलेलं असणं, मूत्रपिंडाचा त्रास, यांनाही हेच लागू. ताप किंवा जुलाब झाले असतील त्या आठवड्यात निरोगी माणसानेही जाऊ नये.

आणि थांबायचं कधी? डोकं ठणकणं, मळमळ, अंगावर काटा येऊन थंडी वाजल्यासारखं होणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काहीही झालं तर शवासनात 'सहन' करायचं नाही, खोलीबाहेर गार जागी जायचं. खोलीतच आडवं पडलं तरी हवा ४१ चीच असते.

साधा_माणूस
डॉक, पाणी मग भरपूर प्यायचं ना? आमचा जिमवाला म्हणतो चार लिटर.

स्टेथोस्कोप
साधा_माणूस, नुसतं साधं पाणी थोड्या वेळात लिटर-लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचंच. तहानेपुरतं प्या. खूप घाम गेला असेल तर नंतर ओआरएस किंवा घरचं पाणी: एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण बीपीवाल्यांनी आणि मधुमेह्यांनी हेही विचारून.

मापात_पाप
किती घाम गेला ते कळायला सोपी युक्ती आहे. क्लासच्या आधी आणि नंतर अंग पुसून, शक्यतो कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. याला वजन कमी होणं समजून पेढे वाटू नका, जेवणापर्यंत परत येतं.

वऱ्हाडी_मिरची आणि टवाळ, तुमच्या जोकांत थोडं विज्ञान घुसडतो. नागपूरच्या मे महिन्यात हवा कोरडी असते, घाम आला आला म्हणेपर्यंत वाळतो. मुंबईत उलट. ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर मुंबईच्या हवेत त्या स्टुडिओपेक्षाही जास्त बाष्प असतं. मग स्टुडिओत वेगळं काय? मुंबईची हवा अंगापेक्षा गार असते, स्टुडिओची अंगापेक्षा गरम. म्हणजे उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतून अंगात येते, आणि बाहेर काढायला घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. टॉवेलने सारखा घाम पुसत बसलात तर तोही वाया. डोळ्यांत जाणारा पुसा, बाकीचा राहू द्या.

टवाळ
म्हणजे विरार फास्ट शास्त्रीयदृष्ट्या सौम्य आहे. रेल्वेला कळवतो.

बुवा
एवढी सगळी यातायात कशासाठी, हे कुणी विचारत नाहीये. मॅट झाका, मीठ मोजा, वजन करा, डॉक्टरांची परवानगी काढा. योगासाठी हवेशीर, शांत जागा लागते, बस्स. हठप्रदीपिकेत नवशिक्या साधकाने काय टाळावं त्या यादीत अग्निसेवा स्पष्ट आहे. शेकोटीजवळ बसू नका म्हणणारे ग्रंथ आणि हे लोक खोलीलाच भट्टी करतात. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढलं, आसनं-प्राणायामावर प्रयोगशाळेत प्रयोग केले. त्यांना हीटर लागला नाही.

प्राजक्त
बुवा, त्याच हठप्रदीपिकेत अभ्यासाने आलेला घाम अंगाला चोळावा, त्याने शरीर दृढ आणि हलकं होतं, असंही आहे की. घामाला ग्रंथाची ना नाही.

बुवा
प्राजक्त, बरोबर, पण तो घाम श्रमातून आलेला, 'श्रमजात'. प्राणायामाच्या संदर्भात आहे ते. हीटरखाली नुसतं उभं राहूनही अंग भिजतं, आणि लोकांना वाटतं आपण केवढा अभ्यास केला. माझा आक्षेप एवढाच आहे.

कोकमआगळ
बुवा, तुमचा हा मुद्दा मला मान्य आहे. घाम हे मोजमाप नाही. 'शरीरातली विषं घामावाटे बाहेर पडतात' असं स्टुडिओत सर्रास सांगतात, ते तर साफ चूक. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. साफसफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात, गपगुमान, हीटरशिवाय. तरी मी जाते, कारण न्यू जर्सीच्या फेब्रुवारीत सकाळी उठल्यावर माझी पाठ लाकडासारखी असते आणि त्या खोलीत ती दहा मिनिटांत सुटते. मला तेवढं पुरतं.

मापात_पाप
'एका क्लासमध्ये हजार कॅलरी' हेही असंच. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने मोजलं तेव्हा दीड तासाला पुरुषांचे सरासरी ४६० आणि बायकांचे ३३० च्या आसपास निघाले. भराभर चालून साधारण तेवढेच जातात.

साधा_माणूस
आपल्याकडचा योगा, मग हे गरम प्रकरण आलं कुठून?

नेत्रावती
कोलकात्याहून, व्हाया कॅलिफोर्निया. बिष्णुचरण घोष हे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. कोलकात्यात त्यांची व्यायामशाळा होती, शरीरसौष्ठव आणि आसनं दोन्ही शिकवायचे. बिक्रम चौधरी त्यांचा शिष्य. तो १९७० च्या दशकात अमेरिकेत गेला, बेव्हर्ली हिल्समध्ये सिनेमावाल्यांना शिकवू लागला आणि २६ आसनं, २ श्वसनप्रकार, ९० मिनिटं, १०५ फॅरनहाइट असा ठरीव क्रम लोकप्रिय केला. अर्धचंद्रासनाच्या आधी उभ्याने दीर्घ श्वसन, शेवटी कपालभाती. कुठल्याही देशात जा, तोच क्रम, जवळजवळ तेच शब्द.

पुढे त्याच्यावर शिष्यांनी लैंगिक अत्याचाराचे दावे लावले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्याच्याच माजी कायदेशीर सल्लागार बाईंना लाखो डॉलरची भरपाई मंजूर केली. पैसे न भरता तो अमेरिकेबाहेर गेला आणि २०१७ मध्ये अटक वॉरंट निघालं. त्यानंतर पुष्कळ स्टुडिओंनी पाटीवरून त्याचं नाव काढलं. आता 'हॉट २६' किंवा '२६ अँड २' लिहिलेलं दिसतं ते हेच. जास्वंदी, तुझा ९० मिनिटांचा क्लास बहुतेक तोच असणार. त्यात पहिलं पाणी गरुडासनानंतर प्यायचा शिरस्ता आहे, त्याला 'पार्टी टाइम' म्हणतात. तुला आधी तहान लागली तर शिरस्ता गेला उडत, पी.

हळदीकुंकू
या माणसाने त्या क्रमावर कॉपीराइट सांगितला होता ना? आसनांवर मालकी!

नेत्रावती
हो, दुसऱ्या स्टुडिओंवर खटले भरले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने सांगितलं की आसनांचा क्रम ही एक पद्धत आहे, तिला कॉपीराइट मिळत नाही. पुस्तक लिहिलं तर पुस्तकावर हक्क, आसनं करण्यावर नाही.

हळदीकुंकू
आपल्या हळदीचंही तेच झालं होतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये देऊन टाकलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, म्हणजे माशेलकर सरांनी, जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. त्यात आता आसनंही नोंदवली आहेत. माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर आधी पेटंटवाल्यालाच हळदीचा लेप...

जास्वंदी
मंडळी, हळद पुरे. माझ्या गुडघ्यावर या.

प्राजक्त
आले. मी पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकले. तिथे दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या, लोड सगळं वापरतात, त्यामुळे गुडघेवाल्यांची फार काळजी घेतात. तुझ्या क्लासात बहुधा यातलं काही नसेल, म्हणून स्वतःच सांभाळ.

उष्णतेने स्नायू सैल पडतात आणि आज आपण एवढं खाली जातोय म्हणून हुरूप येतो. गुडघ्याचे अस्थिबंध मात्र खोली गरम आहे म्हणून लांब होत नाहीत. रोज घरी जिथपर्यंत जातेस त्याच्या किंचित अलीकडे थांब, पलीकडे नको. एका पायावरच्या आसनांत ते 'गुडघा लॉक करा' असं ओरडतात. त्याचा अर्थ गुडघा मागे ढकलणं नव्हे, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढणं. आणि सुप्त वज्रासनात टाचांच्या मध्ये बसायचं असतं, ते सरळ सोडून दे. पाय पसरून बस.

जास्वंदी
अपडेट. डॉक्टरांशी बोलले. बीपी ताब्यात आहे, पण एकदम दीड तास नको म्हणाल्या. स्टुडिओवाल्या मुलीला फोन केला. त्यांच्याकडे तासाभराचा, ३२-३३ डिग्रीचाही क्लास आहे आणि पास त्यालाही चालतो. तर शनिवारी तिथे जातेय.

टवाळ
कोमट योगा!! हसून हसून पुरेवाट. धाग्याचं शीर्षक बदला.

शतपावली
टवाळ, तू सूर्यनमस्कार घालून फोटो टाक, मग बोल. जास्वंदी, उत्तम केलंस.

जास्वंदी
आले जाऊन. कोमट वगैरे काही नाही टवाळराव, अर्ध्या तासात कोपरावरून थेंब टपकत होते आणि मी ते टपकताना बघत होते, कारण दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. मागची ओळ, दाराजवळची जागा मिळाली. माझ्या पुढे सत्तरीच्या एक चिनी आजी होत्या. त्या कुठल्याही आसनात अर्ध्यावरच थांबायच्या, हलायच्या नाहीत, चेहऱ्यावर रेषा नाही. शिक्षिकेपेक्षा मी त्यांचंच बघून केलं.

सगळ्यात अवघड गेलं उष्ट्रासन. गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं. गुडघ्यांखाली टॉवेलची घडी घेतली होती, ते ठीक होतं, पण वर आल्यावर एकदम रडू येईल की उलटी होईल तेच कळेना. शिक्षिका म्हणाली, 'होतं असं, पडून राहा.' पडून राहिले, दोन मिनिटांत गेलं. डॉक, हे काय असतं?

स्टेथोस्कोप
मान-छाती मागे नेऊन वर आल्यावर रक्तदाब चटकन सावरत नाही, त्यातून मळमळ होते. पुढच्या वेळी हात कमरेवर ठेवा, टाचा धरू नका, मान मागे टाकू नका. मळमळ दोन मिनिटांत न जाता टिकली तर मात्र बाहेर.

जास्वंदी
बरं. पुढचे काही आठवडे हाच क्लास करणार, मग ४१ चं बघू. दीड तासाची मला घाई नाही. कोकमताई, तिथून निघताना कोरडे मोजे लाख मोलाचे निघाले. एक मुलगी ओल्या केसांनी बाहेर पडली, गाडीपर्यंत तिच्या बटा कडक.

वऱ्हाडी_मिरची
एक शिरेस प्रश्न विचारू का? त्या टॉवेलचा वास जातो का? आमच्या मिसेस इथं पुण्यात असल्याच क्लासले जाऊन राह्यल्या, गाडीच्या डिकीत तीन दिवस पिशवी पडली होती. डिकी उघडता येत नाही आता.

कोकमआगळ
घरी आल्या आल्या पिशवीतून बाहेर काढायचा, हा पहिला नियम. मग बादलीत पाणी आणि अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवून नेहमीसारखा धुवायचा. फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, त्याने टॉवेल पाणी शोषेनासा होतो आणि वास आतच राहतो. मॅट पाणी-व्हिनेगरच्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून सावलीत वाळवायची. रबराची मॅट उन्हात टाकली तर तडकते. डिकीला बेकिंग सोडा रात्रभर पसरून ठेव, सकाळी व्हॅक्यूम.

नवी_पालवी
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते. माझी पाच महिन्यांची गरोदर जाऊ आधीपासून हॉट योगा करते, म्हणते सवय आहे, काही होत नाही. खरंच चालतं का?

स्टेथोस्कोप
नाही. सवय आईला असते, बाळाला नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही गरोदरपणात हॉट योगा टाळावा असाच आहे, कारण आईच्या शरीराचं तापमान वाढतं. साध्या खोलीतला, गरोदर स्त्रियांसाठीचा योगवर्ग शोधा, आणि त्यांच्या डॉक्टरांना ही सवय आत्ताच सांगून ठेवा.

नवी_पालवी
धन्यवाद डॉक. तिला हाच प्रतिसाद पाठवते, माझं ती ऐकत नाही.